वरची गादी

आईच्या पलंगाखाली एक गोधडी घडी करून ठेवलेली असे. दिवसा ती तिथेच दिसे, म्हणून रात्री ती कुठे असते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. वैशाखातल्या एका पहाटे नळाला पाणी आले म्हणून मी लवकर उठले, तेव्हा आईच्या खोलीत दिवा नव्हता, पण हालचाल होती. दारातून पाहिले, तर आई पलंगाशी उभी राहून गादीवर अंथरलेली गोधडी काढत होती. तिने तिची चौपदरी घडी घातली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून ती घडी पायानेच पलंगाखाली सरकवली आणि पाय लागला म्हणून हात कपाळाला लावला. मग नव्या गादीवरची चादर तिने चारी कोपऱ्यांनी ताणून अशी सारखी केली, की रात्रभर त्या गादीवरच कोणी झोपले होते असे वाटावे.

मी तशीच मागे फिरले. ती गादी मी आणली होती आणि आणल्यापासून रोज सकाळी न चुकता विचारत होते, "झोप लागली ना?" आईही न चुकता सांगत होती, "लागली की. बरं शे." आमच्या खानदेशात 'बरं शे' या दोन शब्दांत ताप, उपास, कर्ज, दुष्काळ असे काहीही मावते. नाशिकला येऊन तीस वर्षे मराठी शिकवत असूनही मला त्या शब्दांचा अर्थ लावता आला नव्हता.

आई माझ्याकडे आली, ती गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारल्यावर. वय चौऱ्याहत्तर, वजन बेचाळीस किलो. डॉक्टरांनी जमिनीवर बसणे आणि जमिनीवर झोपणे दोन्ही बंद करायला सांगितले होते. जमिनीवर झोपल्याने गुडघे बिघडतात असे त्यांचे म्हणणे नव्हते. जमिनीवरून उठताना त्यांच्यावर जो भार येतो, तो तिला आता पेलणारा नव्हता. तेव्हा पलंग आला आणि पलंगावर पाच इंचांची, रबर लावलेल्या काथ्याची गादी आली. गादीच्या कोपऱ्यात 'ऑर्थोपेडिक' हा शब्द सोनेरी दोऱ्याने विणलेला होता. तो कोणा अस्थिरोगतज्ज्ञाचा निर्वाळा नसून विक्रेत्याने निवडलेला शब्द आहे, हे मला उशिरा कळले. दुकानात मी त्या गादीवर हाताचा पंजा दाबून पाहिला होता. ती दबली नाही, म्हणून मला समाधान वाटले होते.

कडक ते हितकर, ही समजूत काही माझी एकटीची नव्हे. विद्यार्थ्याने मऊ बिछान्यावर झोपू नये, व्रतस्थाने भूमीवर शयन करावे, पाठीच्या कण्याला फळी उत्तम, असे ऐकतच आपण वाढतो. शरपंजरी पडलेल्या भीष्मांची कथा लहानपणी मी याच अर्थाने ऐकली होती. बाणांच्या शय्येवर देह पेलला गेला, पण मस्तक मागे लोंबू लागले, तेव्हा पितामहांनी उशी मागितली. राजेलोकांनी उंची, मऊ उशा आणल्या. त्या त्यांनी नाकारल्या आणि अर्जुनाने तीन बाण मारून त्यांच्या मस्तकाला आधार दिला, तेव्हा ते संतुष्ट झाले. या कथेतला उशांचा नकार आपण नेमका लक्षात ठेवतो. त्या नकाराच्या आधी भीष्मांनी आधार मागितला होता, हे मात्र विसरतो. एवढ्या मोठ्या योद्ध्यालाही लोंबणाऱ्या मानेची अडचण सांगावीशी वाटली. माझी आई सांगत नव्हती.

ती का सांगत नव्हती, हे कळायला आमचे घर माहीत असावे लागेल. पारोळ्याकडची आमची जमीन काळी आणि कोरडवाहू. पीक मुख्यतः कपाशीचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली, की आई दिवसभर कमरेला बांधलेल्या झोळीत बोंडांतला कापूस वेची आणि संध्याकाळी तो मधल्या खोलीत रिता करी. भाव वाढेल या आशेने कापूस घरातच ठेवला जाई आणि ती खोली जवळजवळ आढ्यापर्यंत भरे. आम्ही मुले त्या ढिगावर उड्या मारत असू. त्याने अंगाला खाज सुटे, तरी आम्ही थांबत नसू. आई मात्र कमालीची रागावे. कापूस दबला, मळला, पिवळा पडला, की भाव पडे. एकदा खेळता खेळता मी त्या ढिगावरच झोपून गेले, तेव्हा तिने मला उचलून खाली वाकळीवर आणून टाकले होते, हे मला आठवते. इतक्या वर्षांत क्विंटलांनी कापूस त्या घरातून बाहेर गेला, पण सरकी काढून एका गादीत भरता येईल एवढा कापूस काही मागे राहिला नाही. आम्ही सारी जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या गोधड्यांवर झोपत असू.

आपल्या भाषेत 'गादी' हा शब्द मोठा मानाचा आहे. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असे आपण म्हणतो. मठाची गादी असते, पेढीवर शेटजींची गादी असते, आणि मुलगा बापाची गादी चालवतो. अंथरुणाच्या एका वस्तूला सत्तेचा अर्थ यावा, याचे वर्गात शिकवताना मला कौतुक वाटे. घरात मात्र जिच्या वाट्याला कुठलीही गादी आली नव्हती, अशा बाईला मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी एक गादी आणून दिली होती. तिच्यावर झोपता येत नाही, असे ती कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या पहाटेनंतर मी थोडे वाचले, थोडे विचारले. बहुतेक वाचन आधी करायला हवे होते. गादी 'चांगली' असते ती कोणासाठी, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. माणूस कुशीवर झोपतो तेव्हा देहाचा बराचसा भार खांद्यावर आणि कमरेच्या खालच्या हाडावर येतो. अंथरूण थोडे दबले, तर खांदा आणि ते हाड आत जातात, मधली कंबर टेकते आणि भार पसरतो. अंथरूण दबलेच नाही, तर सारा भार त्या दोन ठिकाणी साठतो. एकाच गादीवर ऐंशी किलोंचा माणूस पुरेसा आत जातो आणि त्याला ती मध्यम वाटते. बेचाळीस किलोंची म्हातारी तिच्यावर नुसती ठेवल्यासारखी राहते. त्यात वयाने अंगावरचे मांस उतरलेले, त्वचा पातळ झालेली. आई नेहमी डाव्या कुशीवर झोपणारी. माझा पंजा ज्या गादीत रुतला नाही, तिच्यात तिचा खांदा काय रुतणार?

कडकपणाविषयीचा माझा उरलासुरला विश्वास एका जुन्या संशोधनाने घालवला. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या गेल्या. नव्वद दिवसांनी पाहिले, तर मध्यम गाद्यांवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला होता. आईचे दुखणे कंबरेचे नव्हते, तेव्हा हा निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावणे बरोबर नाही, हे मला कळते. तरी एवढे नक्की झाले, की 'कडक म्हणजे औषधी' हे ज्याला मी शास्त्र समजत होते, ते निव्वळ ऐकीव होते.

पाच इंचांची गादी टाकून द्यायची नव्हती. तिला खड्डा पडलेला नव्हता. खालची गादी मध्येच बसलेली असेल, तर वर काहीही घातले तरी तो खड्डा वर येतोच. आमची गादी सपाट आणि भक्कम होती, तिच्यावर एक मऊ थर हवा होता. बाजारात याला टॉपर म्हणतात. आईने त्याला 'वरची गादी' हे नाव दिले आणि आमच्या घरात तेच चालले.

पहिली वरची गादी कापसाची झाली, हे ओघानेच आले. लहानपणी पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून गल्लीत येई. ताणलेल्या तातीचा तो टणत्कार आणि दारात उडणारा पांढरा धुरळा आम्ही शेजाऱ्यांच्या अंगणात पाहिला होता, स्वतःच्या नाही. आता दुकानात पिंजणीचे यंत्र आहे. दुकानदार जाणता होता. त्याने आईला पाहायला मागितले नाही, पण वजन विचारले, आणि दोन इंचांच्या थरात साडेचार किलो रुई भरून मोकळे मोकळे टाके घातले. "फार ठासून भरली तर पुन्हा फळीच होईल," असे तो म्हणाला. जाताना त्याने बजावले, की कापूस ऊन मागतो. आठवड्याला ऊन आणि वर्षा-दोन वर्षांनी पिंजण मिळाली तरच तो कापूस राहतो, नाहीतर त्याचे लादीत रूपांतर होते.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला ती गादी आली आणि गोधडी पलंगाखालून हलली. आई खूश होती, म्हणजे निदान सकाळी लवकर उठून आवराआवर करताना दिसत नव्हती. पण मृग लागला, आषाढ-श्रावण सारे पावसात गेले. कापूस हवेतली ओल धरतो. आईच्या खांद्याच्या आणि कमरेच्या जागी त्या गादीला दोन वाट्या पडल्या, त्यांच्या तळाशी कापूस घट्ट बसला आणि जिथे मऊपणा हवा, नेमका तिथेच तो संपला. उन्हाची वाट पाहण्यापलीकडे उपाय नव्हता. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर नेऊ, असे मी दर आठवड्याला म्हणत असे.

आश्विनातल्या एका दुपारी मी महाविद्यालयातून लवकर घरी आले. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर आई होती. डोक्यावर गुंडाळी केलेली गादी, एक हात तिला धरून आणि दुसरा कठड्यावर. गुडघे न वाकवता, एकेक पायरी तिरपी चढत ती गच्चीकडे निघाली होती. मी मागून हाक मारली असती, तर दचकून तोल गेला असता. म्हणून चपला काढून मी वर गेले आणि तिच्यामागे हात पसरून उभी राहिले. ती गच्चीवर पोहोचली, गादी कठड्यावर टाकली, वळली आणि मला पाहून म्हणाली, "ऊन वाया चाललं होतं, बाई."

मी त्यावर काय बोलले, ते इथे लिहीत नाही. ते तिच्यासाठी नव्हते, माझ्या चुकलेल्या सुट्ट्यांसाठी होते, पण ऐकले तिने.

यानंतर कापूस नको, जे ऊन मागत नाही असे काहीतरी हवे, असे मी ठरवले आणि मेमरी फोमपर्यंत येऊन पोहोचले. या पदार्थाचा जन्म १९६६ मधला. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रासाठी, विमानाच्या आसनांकरिता, चार्ल्स योस्ट या अभियंत्याने तो घडवला. देहाच्या उबेने आणि भाराने तो हळूहळू दबतो, देहाच्या वळणाने बसतो आणि भार काढला की सावकाश वर येतो. विक्रेत्याने त्यात हात दाबून दाखवला. पंज्याचा ठसा उमटला, क्षणभर राहिला आणि पुसला गेला. "शरीराचा आकार लक्षात ठेवतो," तो म्हणाला. काही सेकंदांत जे विसरले जाते, त्याला स्मृती का म्हणावे, हे माझ्यातल्या भाषेच्या शिक्षिकेला कळले नाही. आठवणच हवी असेल, तर ती आमच्या गोधडीत होती. तिच्यात वडिलांच्या धोतराचा पदर होता, माझ्या तिसरीतल्या झग्याचा निळा तुकडा होता, आणि धावदोऱ्याच्या रांगांत आईची नजर कोणत्या वर्षी अधू झाली तेही दिसत होते. पण मी अडाणी गिऱ्हाईक नव्हते. घनता विचारली, दर घनमीटरला पन्नास किलोंची आहे याची खात्री केली आणि दोन इंचांची घडी घरी आणली.

कार्तिकात ती उत्तम वाटली. पौषात नाशिकची थंडी पडली. निफाडच्या बाजूला पारा उतरला, की आमच्याकडेही रात्री हुडहुडी भरते. खोबरेल तेलाची बाटली जशी गोठते, तशीच ती गादीही आकसून कडक झाली, कारण हा फोम उबेने मऊ आणि गारठ्याने ताठ होतो. आईच्या अंगात ती मऊ करण्याइतकी ऊब उरली नव्हती, आणि मऊ झालीच तर एकाच जागी. कूस बदलायची, तर आधी त्या खळग्यातून वर यायचे आणि मग पलीकडच्या ताठ भागावर जायचे. तरुण माणूस हे झोपेतच करतो. आई त्यासाठी जागी होई.

हेही मला तिने सांगितले नाही. तिच्या उशाशी मी रोज रात्री तांब्या भरून ठेवत असे. सकाळी तो भरलेलाच असतो, हे लक्षात यायला मला आठवडा लागला. संध्याकाळनंतर तिने पाणी पिणे सोडले होते. पाणी प्यायले की रात्री उठावे लागते. त्या मऊ खळग्यातून उठणे अवघड, आणि उठून पलंगाच्या कडेला बसावे तर दोन इंचांची भर पडल्यामुळे तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. अंधारात, अधांतरी पायांनी, घसरत्या कडेवर बसून जमीन शोधायची तिला भीती वाटत होती. पलंगाची उंची वाढते, हा विचार मी गादीची घनता विचारताना केलाच नव्हता.

त्या दिवशी मी 'बरी आहेस का' विचारणे बंद केले. 'बरं शे' शिवाय ज्याला उत्तरच नाही, तो प्रश्न माझ्या सोयीचा होता. मी विचारले, "काल कोणत्या कुशीवर झोपलीस?" आई थोडी गोंधळली. मग म्हणाली, "डाव्या. मग उताणी. मग बसूनच होते." एवढी माहिती मला दहा महिन्यांत मिळाली नव्हती.

माघात मी तिलाच दुकानात घेऊन गेले. दुकान मोठे, मोठमोठ्या काचांचे, आत पांढऱ्या दिव्यांखाली ओळीने पलंग मांडलेले. विक्रेता मुलगा चांगला होता. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग एका पलंगाकडे हात करून म्हणाला, "आजी, झोपून बघा." आई खुर्चीवरून उठली नाही. मी म्हटले, "अगं, झोपून पाहिल्याशिवाय कसं कळणार?" तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून मला कळले की मी काय मागते आहे. सासऱ्यांची खोकल्याची चाहूल लागताच उठून उभी राहणारी बाई, आजारपणातही परक्या पुरुषासमोर कधी न लवंडलेली. तिने भर बाजारात, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत आडवे व्हायचे होते. मी दरवेळी तिच्याशिवाय दुकानात जाऊन हाताने गाद्या दाबत आले होते, त्यातली सोय माझी होती. पण आज तिला आणले, त्यातही मी तिचा विचार केला नव्हता.

मुलगा समजूतदार निघाला. आतल्या बाजूला एक पलंग होता, तिथे त्याने आम्हाला नेले आणि स्वतः काउंटरवर जाऊन पाठमोरा बसला. तरी आई उभीच. शेवटी मीच पर्स बाजूला ठेवली आणि पलंगावर आडवी झाले. पन्नाशी ओलांडलेली प्राध्यापिका दुकानात लोळते आहे, हे पाहून तिला हसू आले. पदर अंगाभोवती गुंडाळून, निऱ्या पायांशी आवळून ती माझ्या शेजारी डाव्या कुशीवर टेकली. आमची तोंडे समोरासमोर आली. तिच्यासोबत एका अंथरुणावर मी कधी झोपले होते, ते मला आठवेना.

ती गादी लॅटेक्सची होती. हा रबराच्या झाडाचा चीक. त्याला फेस आणून, साच्यात घालून भाजतात. १९२९ च्या सुमारास डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत ही युक्ती साधली आणि म्हणूनच आपल्याकडे कित्येक वर्षे अशा गादीला 'डनलॉपची गादी' म्हणत आले. तिच्यात उभी बारीक छिद्रे असतात. ती दबते, पण दाब काढताच लगेच वर येते, थंडीने फारशी बदलत नाही आणि बाजूला वळणाऱ्या देहाला मागून हलका रेटा देते. हे सारे मी वाचून गेले होते. आईने काहीच वाचले नव्हते. तिने मूठ वळून गादीवर दाबली, कणीक तिंबून झाली की नाही हे पाहतात तशी. मग उजव्या कुशीवर वळली, पुन्हा डाव्या कुशीवर आली, हाताच्या रेट्याने उठून बसली आणि परत टेकली.

"ह्याच्यावरून उठता येतं," ती म्हणाली. आणि मग, छताकडे पाहत, "तुझ्या वेळेला आप्पांनी अशी गादी केली होती."

आप्पा म्हणजे तिचे वडील. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली, तेव्हा त्यांनी बाजेवर घालायला घरच्या कापसाची नवी गादी भरून घेतली होती. सव्वा महिना ती तिच्यावर झोपली. "पहिल्या रात्री झोपच आली नाही, बाई. सवय नव्हती ना. मग अशी आली, की तू रडायचीस नि मला जाग यायची नाही. आई उठायची." सासरी परत निघताना आप्पा गादी गाडीत घालायला लागले, तर हिनेच ती उतरवून ठेवली. सासरी जिथे सारे खाली निजतात, तिथे सून गादीवर कशी निजेल? पुढे ती गादी मामींच्या बाळंतपणाला कामी आली आणि मग तिच्या उशा झाल्या.

मी हे सारे पहिल्यांदा ऐकत होते. काउंटरवरचा मुलगा अजून पाठमोरा होता.

दोन इंचांचा लॅटेक्सचा थर आम्ही घेतला. तीन इंचांचा अधिक मऊ होता, पण तिच्या वजनाला दोन पुरेसे होते, आणि प्रत्येक इंचाला मला आता तिचे पाय दिसत होते. त्याला कोपऱ्यांना रुंद इलॅस्टिकचे पट्टे आहेत, त्यामुळे तो खालच्या गादीवरून सरकत नाही. सहा-सात किलोंचे ते ओझे आईला उचलता येणार नाही, याचे मला समाधान वाटले. पहिले आठ दिवस रबराचा वास आला. सर्वांत मोठी तक्रार आईची होती, ती मात्र उन्हाची. लॅटेक्सला कडक ऊन चालत नाही, उन्हाने रबर कोरडे होऊन चुरू लागते. "ऊन न दाखवता अंथरूण?" तिने विचारले. शेवटी तडजोड झाली. लॅटेक्सवर गोधडी अंथरायची आणि ऊन गोधडीला दाखवायचे. जाड, ताठ चादर घातली असती, तर खालचा मऊपणा वायाच गेला असता. जुन्या सुती कापडाची गोधडी मात्र अंगाबरोबर दबते. पलंगाखाली लपवलेली वस्तू अशी उजळ माथ्याने वर आली.

उरली उंची. सुताराला बोलावले. त्याने आईला पलंगाच्या कडेला बसवले आणि पायांखाली काय घालून मोजावे म्हणून इकडेतिकडे पाहिले. माझ्या टेबलावर पुस्तकांची चळत होती, त्यातली दोन त्याने उचलली. आईने झटकन पाय वर घेतले. पुस्तकावर पाय ठेवायला ती काही केल्या तयार होईना. मग तो खाली जाऊन पाऊण इंची फळीचे तुकडे घेऊन आला. एक घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला तळवे पूर्ण टेकले. "उभ्या राहा आजी," तो म्हणाला. कशाला न धरता आई उभी राहिली. फार खाली नेला असता, तरी गुडघ्यांवर भार आला असता. त्याने पुन्हा एकदा बसायला लावले, पुन्हा उठायला लावले आणि चारी पायांवर सव्वादोन इंचांची खूण केली.

त्या रात्रीपासून तांब्या सकाळी अर्धा असतो. मी विचारते, "कोणत्या कुशीवर?" ती कधी डावी म्हणते, कधी "आठवत नाही" म्हणते.

कापलेले चार ठोकळे सुतार घेऊन जात होता. आईने ते मागून घेतले, पदराने पुसले आणि जुन्या कापडात बांधून पलंगाखाली, गोधडी असायची त्या जागी ठेवले. मी म्हटले, "ते कशाला?"

"राहू दे. वरची गादी दबली, की लागतील."